न आलेला कावळा आणि आमच्या गल्लीतला मंत्री

ऑकलंडात कावळा नाही. हे मला बायको गेल्यावर कळलं. त्याआधी इतकी वर्षं इथं राहिलो, पण कधी ध्यानात आलं नाही. असलेल्या कावळ्याकडं कोण बघत नाही, तर नसलेल्याकडं कोण बघणार.

दहाव्याला मुलानं भटजी आणला. आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करणारा आणि शनिवार-रविवार पूजा सांगणारा पुण्याचा पोरगा. चांगला होता. मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या फिरत्या छत्रीशेजारी पिंड मांडले. मी हात जोडले, मागं सरलो आणि आभाळाकडं बघत उभा राहिलो. आमच्याकडं असंच करतात. कावळा शिवला म्हणजे गेलेलं माणूस समाधानानं गेलं. नाही शिवला तर काहीतरी इच्छा राहिली. मग घरातलं एकेक जण पुढं होऊन कबूल करतं, धाकटीचं लग्न लावू, म्हातारीला अंतर देणार नाही. नेमकं बोललं की कावळा येतो. माझ्या बापाच्या वेळी तर आम्ही सगळ्या पोरांची नावं घेऊन दमलो, आणि म्हशीचं नाव घेतल्यावर आला.

भटजी म्हणाला, "काका, इथं कावळे नसतात. आपण दर्भाचा करू."

त्यानं गवताचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि झालं म्हणाला. मी जन्मभर लाल गाडीवर ड्रायव्हर होतो. गाडी डेपोतच उभी ठेवायची आणि पोचली म्हणून सांगायचं, तसं मला ते वाटलं.

"बाबा, इथं सगळे असंच करतात," मुलगा म्हणाला.

"सगळ्यांची बायको मेली नाही," मी म्हटलं.

मला एवढंच पाहिजे होतं. ती समाधानानं गेली का, हे कुणीतरी सांगावं. तिला विचारून कधी कळलंच नाही. नवीन घर कसं वाटतंय? बरंय. इथली थंडी? बरंय. दवाखान्यात नाकात नळ्या होत्या, तेव्हाही विचारलं, तर हात हलवून म्हणाली, बरंय. या एका शब्दावर तिनं सगळा संसार केला. त्यात किती खरं आणि किती माझ्या समाधानासाठी, ते मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून मी एक केलं. अस्थी मुलानं मानुकाऊच्या खाडीत सोडल्या, पण चिमूटभर मी आधीच काढून ठेवल्या, तिच्या लवंगांच्या स्टीलच्या डबीत. गावाकडं जायचं, नदीवर सगळं परत करायचं आणि खरा कावळा बघायचा. पण माझ्या छातीत स्प्रिंग बसवलेली. डॉक्टरीण म्हणाली, इतक्यात विमान नाही. मी रोज चहाला बसलो की मुलाला विचारायचो, तिकिटाचं काय? तो मोबाइलमध्ये तोंड घालायचा. सून उठून जायची.

मग मी रोज सकाळी कागदात भात बांधून पापाटोएटोच्या दुकानांमागच्या बागेत जायला लागलो. बाकाच्या टोकाला भात ठेवायचा आणि लांब उभं राहायचं. म्हटलं, एवढ्या मोठ्या देशात एखादा चुकार कावळा असेलच की. साळुंक्या यायच्या, चिमण्या यायच्या, समुद्रावरचे ते पांढरे गल यायचे. मी सगळ्यांना हाकलायचो.

त्याच बागेत समोरच्या बाकावर एक म्हातारा बसायचा. आमच्याच गल्लीत लेकीकडं राहायचा. रंगानं आपल्यासारखा, नाक आपल्यासारखं, कडक इस्त्रीची पॅन्ट आणि पायात जांडल, म्हणजे आपली रबरी चप्पल. त्याच्या शेजारच्या घरात सामोआची एक बाई राहते. तिनं मला एकदा कुंपणावरून दबक्या आवाजात सांगितलं होतं, "तो मिनिस्टर होता हं. वेस्ट इंडीजकडच्या बेटावर." गल्लीतली सगळी माणसं त्याच्यापुढं आवाज खाली करायची, शिवी गिळायची. रविवारी ती बाई त्याला जेवणाचं ताट न्यायची. नवीन बाळ झालं की त्याच्या मांडीवर ठेवायची.

मी चौथी नापास. मला मिनिस्टर म्हणजे मंत्री, एवढंच ठाऊक. म्हटलं, काय देश आहे, मंत्र्याला बाळं दाखवतात.

एक दिवस मी गल हाकलत होतो, तेव्हा तो उठून माझ्याजवळ आला. मी नमस्कार केला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "साहेब, कुठलं खातं होतं तुमच्याकडं?"

तो बघतच राहिला. "काय म्हणालात?"

"खातं हो. डिपार्टमेंट. पाणी, शेती, पोलीस, कुठलं?"

तो मटकन बाकावर बसला आणि हसायलाच लागला. डोळे पुसून म्हणाला, "बांधकाम. रस्ते आणि पूल. या देशात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं."

मग उलगडा झाला. इथं मिनिस्टर म्हटलं की लोकांना चर्चमधला पाद्री वाटतो. त्याच्या लेकीनं कुणालातरी सांगितलं, माझे वडील मिनिस्टर होते, आणि सगळी गल्ली त्याला पाद्री समजून बसली.

"मग खरं सांगत का नाही?" मी विचारलं.

"सुरुवातीला सांगणार होतो. तेवढ्यात तिनं बाळ हातात दिलं. जन्मभर मतं मागितली मी. बाळ हातात दिल्यावर नाही म्हणायची सवयच नाही."

"आणि आशीर्वाद कसला देता?"

"माझ्या आजीनं शिकवलेली हनुमानाची दोन वाक्यं पुटपुटतो. त्यांना वाटतं लॅटिन."

आजी म्हणाला तो. हिंदीवाले दादी म्हणतात, हा आजी म्हणाला. मी म्हटलं, परत म्हणा. तर म्हणाला, बापाची आई म्हणजे आजी, आमच्या बेटावर सगळे तसंच म्हणतात. त्याच्या पणज्याला इंग्रजांनी ऊस तोडायला बोटीत घालून नेलं होतं. कुठल्या गावाहून नेलं, ते त्यालाही माहीत नाही. भाषा गेली, पण आजी राहिली. 

त्या दिवसापासून तो मला ड्रायव्हर म्हणायला लागला आणि मी त्याला मंत्री. इंग्रजीत सगळेच यू, म्हणून मीही तू करून टाकलं. आमची भाषा म्हणजे माझं मोडकं इंग्रजी, त्याचे मोजके हिंदी शब्द आणि दोघांचे हात. इथं सगळं मराठीत लिहितोय, कारण मला तेवढंच येतं.

त्याची सगळी हकिगत मी त्या बाकावर ऐकली. बाप ऊसतोड्या, आजी बाजारात भाजी विकणारी. हा शाळेत हुशार, म्हणून कारखान्यात कारकून झाला. तिथं मजुरांची बाजू घेऊन भांडला, काढून टाकला गेला आणि त्यामुळंच निवडणुकीला उभा राहिला. पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा आजीनं भाजीच्या पाटीवरून प्रचार केला. वांगी घेणाऱ्या प्रत्येक बाईला ती दटावायची, नातवाला मत देणार नसशील तर वांगी खाली ठेव. निवडून आला. पुढं मंत्री झाला, पांढरी गाडी, पुढं झेंडा.

"तुझ्यासारख्यांमुळं आम्ही शिव्या खाल्ल्या," मी त्याला सांगितलं. "मंत्री यायचा म्हणून आमची गाडी कडेला उभी करायचे. आतली माणसं तापायची आणि राग माझ्यावर."

"माझ्या गाडीत एसी होता, ड्रायव्हर. पण शिव्या काचेतूनही दिसतात."

"पुढं काय झालं?"

"पडलो. ज्या गावाला पूल बांधून दिला त्याच गावानं पाडला."

"हरामखोर."

"नाही रे. पूल होता म्हणून विरोधकांचीही गाडी तिथं पोचली. आधी तिथं फक्त माझीच होडी जायची." आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसला. असा पडलेला मंत्री मी पाहिला नव्हता. आमच्याकडचे पडले की हसत नाहीत.

मग एक दिवस त्यानं विचारलं, "ड्रायव्हर, तू रोज पाखरांना जेवायला वाढतोस आणि रोज हाकलतोस. वाट कुणाची बघतोस?"

मी सांगून टाकलं. कावळा, पिंड, डबी, सगळं. मुलाला इतकं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे कावळा आला नाही, म्हणून ती नाराज गेली असं तुला वाटतं."

"कळत नाही, हेच तर दुखतंय."

"मी मंत्री झालो त्या वर्षीचं सांगतो," तो म्हणाला. "नदीकाठच्या एका गावासाठी सभा ठेवली. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, कर्णा लावला. दिवसभर बोलायला उभा राहिलो. माणूस आलं नाही. एकही नाही. मला वाटलं, यांनी मला टाकलं. मी असं काय केलं? घरी जेवण जाईना. राजीनामा द्यावा असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी दारात आली, गुडघ्यापर्यंत चिखल. म्हणाली, पोरा, नदी चढली होती, होडी बंद होती. आम्ही सगळे दिवसभर पलीकडच्या काठावर उभे होतो. तुझा कर्णा ऐकू येत होता. आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या, तुला ऐकू आल्या नाहीत?"



"मग पूल बांधलास," मी म्हटलं.

"मग पूल बांधला. पण ड्रायव्हर, मला सांगायचंय ते पुलाचं नाही. मांडव रिकामा होता म्हणून मी त्यांना नाराज ठरवून मोकळा झालो होतो. आणि ते पलीकडं टाळ्या वाजवत होते."

दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, शहाणपणा नको शिकवू. पण मी गाडीवाला. रस्ताच नाही तिथं गाडी जात नाही, यात पॅसेंजरचा राग-लोभ नसतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तेच मला या बाबतीत सुचलं नव्हतं. कावळा आला नाही, कारण इथं कावळाच नाही. बायकोचा त्यात काय दोष? छातीवरून कुणीतरी पोतं उचलावं तसं झालं. रडूही आलं, पण ते मोकळं रडू होतं.

"तुमच्या बेटावर कावळा आहे का?" मी नाक पुसत विचारलं.

"नाही."

"मग तुझी आजी काय करायची?"

"केळीच्या पानावर जेवण ठेवायची आणि म्हणायची, जो पक्षी येईल तो गेलेल्या माणसाचा."

घरी डबीचं सांगून टाकलं, आणि रविवारी मुलानं आम्हाला गाडीनं खाडीवर नेलं. मुलगा लांब उभा राहिला. मंत्री पॅन्ट वर दुमडून, जांडल हातात घेऊन माझ्याबरोबर पाण्यात आला. मी डबी उघडली आणि पाण्यात धरली. काहीच वेळ लागला नाही. मग दगडावर भात ठेवला, वर थोडी साखर घातली, कारण तिला साखरभात आवडायचा. हात जोडायला मी अजून वळलोही नव्हतो, तेवढ्यात एक गल आला आणि माझ्या बोटांना चोच लावून अख्खा गोळा उचलून गेला.

"अरे भडव्या!" माझ्या तोंडून निघालं. मुलगा दचकला. मंत्र्याला शब्द कळला नाही, अर्थ कळला. इतका हसला की पाण्यात पडता पडता वाचला.

"ड्रायव्हर, तुमच्याकडचा कावळा इतकी घाई करतो का?"

"आमच्याकडचा आधी आढेवेढे घेतो," मी म्हटलं. "हा मंत्र्याच्या जातीचा दिसतोय. मागायच्या आधीच घेऊन गेला."

मीही हसलो. हसता हसता पाण्याकडं बघितलं आणि मनातल्या मनात तिला विचारलं, कसं वाटतंय? उत्तर मला पाठच होतं. या वेळी मी ते खरं धरलं.

घरी येताना मुलानं आरशातून बघत विचारलं, "बाबा, डॉक्टरांना परत विचारू का? तिकिटाचं?"

"नको," मी म्हटलं. "तिकडं माझं आता काय काम आहे?"

त्यानं गाडी कडेला घेतली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मागं मंत्री खिडकीतून बाहेर बघत होता. राजकारणी माणूस, कुठं गप्प बसायचं ते कळतं.

डबी मी स्वतः घासली आणि ओट्यावर पालथी घातली. सून चाचरत म्हणाली, "बाबा, ती आता मसाल्याला नको ना."

"नको तर नको. माझ्या तंबाखूला होईल."

तंबाखूची डबी बायकोनं माझ्या हातून किती वेळा हिसकावून मोरीत ओतली, ते सुनेलाही माहीत आहे. तंबाखू म्हणायला म्हटलं. डबीत बडीशेप भरलीय. सकाळी बागेत मंत्र्यापुढं धरतो. तो एक चिमूट घेतो, आणि बाकावरचा भात साळुंक्या खातात. आता कुणाला हाकलत नाही.