मटणाचा एक तुकडा

लोणावळ्याच्या आमच्या मंडळीतली जुनी ख्रिस्ती माणसं एका बाबतीत ठाम होती: मटण न खाणारा ख्रिस्ती असूच शकत नाही. हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि दर गुरुवारी वलवणच्या प्रार्थनाघरात शास्त्राचा वर्ग घेणारा मीच होतो.

वर्गाला भाजे गावाहून एक मावशी येत. साठीच्या, माळकऱ्याच्या घरात जन्मलेल्या. दोन वर्षं एकही गुरुवार चुकला नव्हता. येताना पिठलं-भाकरी आणत आणि वर्ग संपला की आम्ही एकाच डब्यातून जेवत असू. त्यांना बाप्तिस्मा हवा होता, अगदी मनापासून. मंडळीच्या पंचांनी अट घातली: ईस्टरच्या प्रीतिभोजनात सगळ्यांसमोर मटणाचा एक तुकडा खायचा, म्हणजे जुनं सुटल्याची खात्री पटेल. मावशींना तर वासानेच मळमळायचं.

गंमत म्हणजे त्या महिन्याचा धडा होता पहिल्या शतकातल्या भांडणाचा. येशूचे पहिले शिष्य यहूदी. मग परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेलेही विश्वास ठेवू लागले, तेव्हा काही जण अडून बसले, की आधी सुंता करा, आमचं नियमशास्त्र पाळा, मगच आत या. यरुशलेमात मोठी बैठक बसली आणि ठरलं, की हे ओझं त्यांच्यावर लादायचं नाही, मूर्तीला वाहिलेलं खाऊ नका, रक्त खाऊ नका, अशी दोन-चार पथ्यं पाळली तरी पुरे. त्याच काळात एक थोर प्रेषित परराष्ट्रीयांच्या पंगतीला खुशाल जेवत होता. यरुशलेमकडची माणसं येताच घाबरून उठला. दुसऱ्या प्रेषिताने त्याला चारचौघांत झापलं. हे मी इतकं रंगवून सांगितलं, की वर्गाला बसलेल्या पंचांनी माना डोलावल्या. डोक्यात प्रकाश मात्र कुणाच्याच पडला नाही.

मावशींनी हात वर केला. "म्हंजी त्येंनी जे दुसऱ्याच्या बोकांडी बसवलं न्हाई, ते तुमी माज्या बसवताय व्हय?"

एक पंच म्हणाले, "त्यांचं 'खाऊ नका' होतं. आपलं 'खा' आहे. मुद्दा वेगळा."

मला हसू आलं, रागही आला, पण मी धड्याचं पुस्तक मिटलं. निघताना तेवढं मावशींना म्हणालो, "त्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसेन. तुम्ही खाल तेच खाईन."

ईस्टरला अंगणात चटया अंथरल्या. शब्द दिल्याप्रमाणे मी मावशींच्या शेजारी बसलो, पिठल्यात भाकरी मोडली. तेवढ्यात पुण्याचे वडीलधारे पाहुणे आले. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे कुणाचा बाप्तिस्मा होत नसे. पंच त्यांना मटणाच्या पंगतीत घेऊन गेले.

"इथे फार ऊन लागतंय," असं म्हणून मी ताट उचललं आणि पलीकडे जाऊन बसलो. तिथेही सावलीचा पत्ता नव्हता. कुणीतरी वाढलेली नळी मी घाईघाईने चोखायला घेतली.

मावशी उठून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, त्यो धड्यातला मोठा मानूस, पाव्हनं आल्यावर पंगतीतनं उठलेला, त्येचं नाव काय वो?"

नाव मी झोपेतही सांगितलं असतं. पण तोंडात नळी होती.

"ऱ्हाऊ द्या. आदी गिळा," त्या म्हणाल्या आणि जाऊन जागेवर बसल्या.

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पाहुण्यांनी समोरचा रस्सा बाजूला सारला. "बिनमटणाचं काही आहे का? डॉक्टरांनी बंद केलंय." आणि आपलं ताट घेऊन ते सरळ मावशींच्या चटईवर जाऊन बसले. पिठलं दोनदा मागून घेतलं. पंच आपापल्या ताटात बघत राहिले.

"आज बाप्तिस्म्यासाठी अर्ज कुणाचा आहे?" पाहुण्यांनी विचारलं.

"माजा," मावशी म्हणाल्या. "पन तुमी बी मटन खात न्हाई. म्हंजी आदी तुमचा बाप्तिस्मा करावा लागंल."

पाहुणे ठसका लागेपर्यंत हसले. मग विचारलं, हा काय प्रकार आहे. पंचांनी अडखळत सांगितला. पाहुण्यांनी तिथेच, डाव्या हाताने, अर्जावर सही केली.

मी ताट घेऊन परत आलो आणि चटईच्या कडेला उभा राहिलो. मावशींनी मान वर करून पाहिलं.

"हितं लय ऊन हाय, भाऊ," म्हणाल्या, आणि सरकून जागा दिली.