शाफीकाकांची पंपाची वही

नाईलच्या कालव्यावर आमच्या गावाचा सरकारी पाण्याचा पंप आहे. अब्दुल-शाफीकाका त्यावर एकोणीस वर्षं राबले, आणि एकोणीस वर्षं दरसाल नवा करार. कायम करा म्हणून आम्ही अठ्ठावीस जण फाटकाच्या आत धरणं धरून बसलो. कायद्याची पुस्तकं रस्त्यावरून जुनी घेऊन वाचणारा मी. मीच ओरडलो, "हजेरीपटावर सही कोणी करायची नाही! सही केली की संप मोडला!"

हजेरी कारकून वजीह काकांच्या कानाशी लागायचा. "काका, एक सही करा. बोट झिजतंय का?"

"तुझ्या साहेबाला सांग, शाफीची सही आता कायमच्या हुकुमावरच होईल."

पंप मात्र काकांनी थांबवला नाही. "भांडण साहेबाशी आहे, लोकांच्या नळांशी नाही," म्हणायचे. आपल्या पाळीत दर तासाला पाण्याचा दाब वाचून वहीत लिहायचे.

सोळाव्या दिवशी फाटकावर कागद लागला : सलग पंधरा दिवस गैरहजर, सबब राजीनामा दिला असं समजलं जाईल. हे कलम पुस्तकात होतं. त्या पानापर्यंत मी पोचलोच नव्हतो.

काकांच्या बायकोचं, इन्शिराहबाईंचं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालायचं, काकांच्या नोकरीच्या विम्यावर. कार्ड बंद झालं. दवाखान्यानं दारातूनच परत पाठवलं. दोन दिवसांत बाईंचे पाय सुजून पायतणात मावेनात.

मी म्हणालो, "काका, वही आहे ना! तुम्ही आत होतात, काम करत होतात, त्याचा पुरावा. कोर्टात फेकू तोंडावर!"

"निकाल कधी?"

"...दोन-तीन वर्षं."

"आणि हिला किती दिवस आहेत, ते कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

वजीहनं वाट सांगितली होती. आजारपणाचा दाखला आणा, 'मी इथे आलोच नव्हतो' असा अर्ज करा आणि वही जमा करा, की गैरहजेरी रजेत धरून नोकरी आणि कार्ड परत चालू.

मी भडकलो. "वही दिलीत तर बाकीचे सत्तावीस बुडाले! तेवढाच कागद आहे आपल्याकडे!"

"तू म्हणालास सही करू नका. नाही केली. आता अर्ज लिही."

मी लिहिला. 'त्या दिवसांत मी फाटकाच्या आत पाऊल ठेवलं नाही.' खाली काकांनी सही केली.

वही त्यांनी वजीहच्या टेबलावर ठेवली, आणि लगेच परत उचलली. मला वाटलं, आता देत नाहीत. काकांनी खिशातलं पेन काढलं, लिहायचा राहिलेला दुपारी दोनचा दाब लिहिला, आणि वही पुन्हा टेबलावर ठेवली.