चार्जरचं झबलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही.

चाकणच्या कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी सुरक्षेवर दोन शब्द बोलायचं काम माझं. ‘गरम लागलं की आधी बंद करा, मग विचार करा’ – हे माझंच वाक्य, राव! पोरं माझ्या आवाजात म्हणून दाखवतात.

आणि घरी? पुनावळ्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरला मी टेलरकडून झबलं शिवून घेतलं. हसा. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, मग चार्जरनंच काय पाप केलंय? जाड, अस्तराचं, प्लगसकट झाकणारं. प्लग चटका द्यायला लागला, तेव्हा म्हटलं – ऑक्टोबरचं ऊन. चार्जिंग मध्येच थांबायला लागलं, तेव्हा म्हटलं – नव्या गाडीचे नखरे. खंडेनवमीला कंपनीतल्या मशीनसारखाच त्यालाही झेंडूचा हार घातला. झबल्यावरून.

त्याच संध्याकाळी सॉकेट वितळला. बोर्ड काळा, पार्किंगभर जळका वास. मी मेन स्विच पाडला – इथवर शाबास म्हणा. मग लोक खाली यायच्या आत जळकं झबलं ओढलं आणि डिकीत कोंबलं.

का? कारण त्याच बोर्डवर शेजारच्या सॉकेटला सोसायटीतल्याच सुनंदाताईंची जुनी इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली होती. ताई नांदेडकडच्या, त्या स्कूटरवरून मारुंजीतल्या आयटीच्या पोरांना डबे पोचवायच्या. लोकांनी मलाच विचारलं – सेफ्टीवाला ना मी! मी म्हणालो, “स्कूटरची बॅटरी जुनी दिसतेय.” एवढंच. फार शब्द लागलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. ताई आपट्याची पानं घेऊन दारात. “भाऊ, माझ्यामुळं तुमच्या नव्या गाडीला काही झालं नाही ना?”

“नाही हो ताई,” मी म्हणालो. मोठ्या मनानं! सोनं घेतलं, सोनं दिलं.

मग सोसायटीनं पार्किंगमध्ये स्कूटर चार्ज करायला बंदी घातली. मीटिंगमध्ये माझाही हात वर होता.

आता ताई दोन्ही हातांत डब्यांच्या पिशव्या घेऊन रिक्षाची वाट बघतात. निम्मी गिऱ्हाइकं सुटली – उशिरा आलेला गार डबा कोण खाणार? परवा मी गाडी थांबवली. “चला ताई, सोडतो.”

“नको भाऊ. पिशव्या डिकीत ठेवाव्या लागतील. आमटी सांडली तर गाडी खराब व्हायची तुमची.”

डिकीत ते झबलं अजून आहे – फेकायचंही धाडस झालेलं नाही.

मी आग्रह केला नाही.