एकट्या बायांची पुस्तकं

बाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि ओल्या फडक्यानं पुसलं. आधी पुढून, मग मागून. सहा बायांसमोर. माझे हात धुतलेले होते. त्यांच्याच साबणानं, त्यांच्याच बेसिनला.

बीडमधल्या त्या घरी मी चार वर्षं पोळ्या केल्या. बाई कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये बाया जमायच्या, एक कादंबरी घेऊन बोलायच्या. मी चहा न्यायचे. माझा कप वेगळा, खिडकीत पालथा.

मी दहावी पास. उमापूरला नवऱ्यानं दुसरी आणली, मला बाहेर काढलं. माहेरी भावजयीनं चार महिने ठेवलं. मग बीड.

वाचायची सवय त्या ओट्याशी लागली. भाजी शिजेस्तोवर दोन पानं, कणीक मुरेस्तोवर दोन. बाईंची सगळी पुस्तकं एकट्या बायांची. कुणी नवरा असून एकटी, कुणाची पोरं परदेशात. पहिली कादंबरी वाचून मी लई रडले. वाटलं, कुणीतरी आपल्याला ओळखलं. पुढच्या वाचत गेले तसा राग यायला लागला. या बायांना एकटं बसायला खोली हाय. चहा आयता येतो. चहा आणणारी दोन ओळींपुरती आत येती, कप ठेवती, जाती. ती घरी जाऊन कुणाशी बोलती, हे लिहावं असं कुणालाच वाटलं न्हाई. मला तर एकटं बसायलाही जागा न्हाई. आमच्या नळाला वीस बाया, अन् संक्रांतीला हळदीकुंकवाला एक बी बोलवीत न्हाई. टाकलेली ना मी. माझं एकटेपण हे असं, भर गर्दीतलं.

त्या गुरुवारी बाई म्हणाल्या, "एकटेपणा कळायला मन तेवढं तरल लागतं."

मी ट्रे खाली ठेवला. टीपॉयवरची कादंबरी उचलली, पान काढलं. "बाई, ह्या कादंबरीतल्या बाईकडं जी कामाला येती, तिला बी नवऱ्यानं टाकलंय. एकशेबारा पानावर हाय. तिच्यावर कुणी बोललंच न्हाई."

एकजण हसली. "अगंबाई, ही वाचते!"

"तुला काय कळणार त्यातलं? पोळ्या झाल्या का?" बाई म्हणाल्या. आणि पुस्तक पुसलं.

माझी मान खाली गेली. सवयच तशी. स्वयंपाकघरात आले. तव्यावरची पोळी जळत होती. गॅस बंद केला. उभी राहिले. मग परत हॉलमध्ये गेले.

"कळतंय, बाई. तुमच्याहून जास्त कळतंय. उद्यापासून पोळ्या तुमच्या तुमी लाटा."

पुढच्या दारानं निघाले. जिन्यात थांबले न्हाई.

आता क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या करते. वाचनालयात नाव घातलंय. तिथला माणूस म्हणाला, "पतीचं नाव लिहा." म्हणलं, "न्हाई लिहीत." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कार्ड दिलं.

संध्याकाळी शेजारच्या हसीनाआपाला वाचून दाखवते. तिलाबी सोडलेलं, अन् अक्षर येत न्हाई. परवा एक कादंबरी संपली.

"फिर?" आपा म्हणाली.

"मेली ती."

"कायकू?"

"एकटी होती म्हणून."

"बस? इत्ती बात पे?" आपा हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मी न्हाई हसले. किती पुस्तकांत हे असंच वाचलं, ते आठवत बसले. शेवटच्या पानावर बाई मरती. वाचणाऱ्या डोळे पुसतात, चहा पितात, पुढच्या गुरुवारचं पुस्तक ठरवतात. तेवढ्यासाठी मरायचं?

आमी न्हाई मरणार. मी न्हाई, आपा न्हाई. बायांच्या एकटेपणावर जिथं कुठं बोलणं चालू असंल तिथं मी जाणार. खुर्ची ओढून बसणार. आणि माझं बोलून झाल्याबिगर उठणार न्हाई.