कपडे घालून पोहणारी मुलं आणि वाटूरजवळची शाळा

सुट्टीवर जालन्याला येऊन दहा दिवस झाले होते आणि माझं कुठंच बूड टेकत नव्हतं. नेदरलँड्समधल्या समुद्रकाठच्या एका छोट्या गावात मी सहा वर्षं राहते. तिथं असले की जालना आठवतं आणि जालन्यात आले की परतीचं तिकीट उघडून बघते. आईनं तर सांगूनच टाकलं, "घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा दादाकडं जाऊन ये."

दादा वाटूरजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत गुरुजी आहे. फोनवर म्हणाला, "ये की. पोराहीच्या पुस्तकात समुद्र हाय, पण समुद्राकाठी राह्यणारं माणूस त्याहीनं कधी पाह्यलं न्हाई. तिकडं लोकं सकाळपासून काय करतेत, तेवढं सांग."

शुक्रवारी सकाळी जालना बसस्थानकावरून मंठ्याची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण खिडकीची जागा हवी असेल तर बस लागायच्या आधीच जाऊन उभं राहा. दीड तासाचा रस्ता. तूर फुलावर होती, कापसाची वेचणी चालू होती. वाटूर फाट्यावर गरम भजी आणि फार गोड चहा घेतला, तोवर दादा मोटरसायकल घेऊन आला. "चारची बस धरायची आहे मला," मी बसता बसताच म्हटलं. तो नुसता हसला.

लॅपटॉपवर दोनशे फोटो नेले होते. शाळेत वीज नव्हती, प्रोजेक्टर बंद. मग खडू घेतला आणि फळ्यावर उंच बांध काढला. एका बाजूला समुद्र वर, दुसऱ्या बाजूला आमचं गाव खाली.

"मंग पाणी सांडत न्हाई का?" पहिल्याच बाकावरून प्रश्न आला.

सांडू नये म्हणून रात्रंदिवस पंप चालतात, हे सांगितलं. मुलं वाऱ्याला तोंड देत सायकलवर शाळेत जातात. दुपारी डब्यात गार पाव आणि चीज. संध्याकाळी सहालाच जेवण. पाहुण्याला चहाबरोबर एकच बिस्किट. आणि सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगलेलं असतं, यावर तर वर्ग पाच मिनिटं हसत होता. मलाही चेव चढला.

"आणि पोहण्याच्या परीक्षेत तिकडची मुलं कपडे, बूट घालून पाण्यात उतरतात."

"कामून?"

"कारण माणूस पाण्यात पडतो तेव्हा अंगावर कपडे असतात ना."

हसणं एकदम थांबलं. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. पाचवीतली आरती नावाची मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "पवनच्या अंगावर बी कपडे व्हते."

पवन तिच्या वर्गातला. गेल्या उन्हाळ्यात शेततळ्यावर हात धुवायला गेला होता. तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावरून पाय घसरला की वर येता येत नाही. हे दादानं मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मी फक्त हातातला खडू मोडत उभी होते.

"मॅडम, तुम्हाला येतं का पोहायला?" आरतीनं विचारलं.

"नाही."

"समुद्रापाशी राहून? इतक्या सालात कामून न्हाई शिकल्या?"

भीती वाटते, एवढंच उत्तर होतं. मी फळा पुसायला घेतला.

चारची बस मी सोडली. रात्री दादाच्या घरी जेवायला बसलो. तिकडं कालव्याकाठी जागोजागी दोरी बांधलेली, बुडणाऱ्याकडं फेकायची तरंगती कडी टांगलेली असतात, ते आठवत राहिलं. "आपल्याला इथं काय करता येईल?" मी विचारलं. दादा म्हणाला, "तेलाचे रिकामे कॅन हायेत घरात. दोर बी हाय."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन आम्ही पवन बुडाला त्या तळ्यावर गेलो. मालक नामदेवकाका कुंपणापाशीच थांबले. "गुर्जी, त्या दिवसापासून म्या आत गेलो न्हाई," ते म्हणाले. पण कॅनला गाठ मात्र त्यांनीच मारली. दादाची गाठ त्यांना कच्ची वाटली. मोकळ्या रानात दादा आडवा पडून बुडणाऱ्यासारखे हात मारायला लागला आणि मुलांनी पाळीपाळीनं कॅन फेकला. कुणी पाण्यात उडी टाकायची नाही, ओरडायचं आणि कॅन टाकायचा, एवढंच शिकवलं. आरतीचा कॅन तीनदा भलतीकडं गेला. चौथ्यांदा दादाच्या छातीवर बसला. तो "मेलो!" म्हणून ओरडला, पोरं हसली. काका तोंड फिरवून डोळे पुसत होते. निघताना एक कॅन त्यांनी तळ्याच्या कुंपणाच्या खांबाला टांगला.

आता मी परत माझ्या गावात आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात तर शाळा नक्की बघा, पण फोटो नेऊ नका, वेळ न्या. मी दोन तासांच्या हिशेबानं गेले होते, हे अजून टोचतं.

दादा सांगतो, आणखी दोन तळ्यांवर कॅन लागले. तिसऱ्या मालकानं "अपशकून नको" म्हणून हाकलून दिलं. दादा त्याच्याकडं पुन्हा जाणार आहे.

इकडं परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. पहिले दोन मंगळवार काठ सोडला नाही. आरतीला दादाच्या फोनवर ते तसंच कळवलं. तिचा आवाज आला, "मॅडम, भ्या वाटलं तरी जात राह्या. बिलकुल खाडा करू नका."

तिसऱ्या मंगळवारी काठ सोडला. चार हात मारले, नाकातोंडात पाणी गेलं, पाण्यातली तरंगती दोरी धरली. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी विचारलं, आज पुरे का? मी नाही म्हणून मान हलवली आणि दोरी सोडली.