विहिरीला दिवस गेले

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि दोन महिने मला पाळी आली नव्हती. आमच्या कोरीट गावच्या सुईणीने पोट चाचपलं आणि म्हणाली, "जीव शे. मन्हा हात खोटं बोलस नही." सासूला ते पटेना. तिची स्वतःची परीक्षा होती. मातीच्या परळात गहू पेरायचे आणि त्यांवर सात दिवस सुनेची सकाळची लघवी घालायची. गहू उगवले तर दिवस गेले, नाही तर नाही.

माझे गहू काळे पडून कुजले.

सासूने ते परळ ओट्यावर मांडलं, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना दिसेल असं. "पोट रिकामं शे अन् सोंग करस," असं ती मला सगळ्यांदेखत म्हणायची. चार दिवसांत तिने माझ्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघायची बोलणी सुरू केली. नवरा जेवता जेवता ऐकत होता. त्याने आणखी एक भाकरी मागितली, एवढंच.

ती भाकरी त्याच्या ताटात टाकताना मी ठरवलं, हे सोडायचं नाही.

भावाला निरोप धाडला. तो मला नंदुरबारला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांच्याकडे पत्र्याच्या पेटीत बेडूक होते. दिवस गेलेत का हे तेव्हा बेडकावरून बघत; माझी लघवी त्यांनी एका बेडकाला टोचली आणि थांबायला सांगितलं. बाजारातल्या मिरचीच्या नाकात झोंबणाऱ्या खाटाने खोकत मी दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले.

"दिवस गेलेत तुला," बाई म्हणाल्या.

"मग गहू का नाही उगवले?"

"अगं, लघवीत सात दिवस भिजवल्यावर कुठलं बी तग धरेल? त्यातलेच दुसरे गहू साध्या पाण्यावर ठेव, बघ कसे कोंब येतात."

घरी आल्यावर मी तोंड उघडलं नाही. भावालाही शपथ घातली होती. सासूला एवढंच म्हणाले, "आत्याबाई, आजून एकदा गहू पेरी दखा." ती हसली, पण पेरले.

रोज सकाळी मी परसात जायचे आणि लोट्यात लघवीऐवजी विहिरीचं पाणी भरून आणायचे. चौथ्या दिवशी कोंब फुटले. सातव्या दिवशी परळ हिरवंगार. सासूने गल्लीतल्या बायका गोळा केल्या, गूळ वाटला, परळाला हळदकुंकू वाहिलं. सगळ्यांच्या तोंडात गूळ पडेपर्यंत मी थांबले.

"आत्याबाई, ते विहीरनं पाणी शे. तुमनी विहीरले दिवस गयात."

आधी सुईण हसली. मग एकेक करत सगळ्याच. सासूचा चेहरा उतरत गेला आणि मी तो डोळे भरून पाहिला. नंतर डॉक्टरीणबाईंचा निकाल सांगितला, तोही मोठ्याने. दुसऱ्या मुलीची बोलणी त्याच दिवशी मोडली. सासू ओट्यावर आली की बायका तिला विचारायच्या, "कितवा महिना शे विहीरले?"

मला मुलगी झाली. सासू वाडगाभर शिरा घेऊन दारात आली, म्हणाली, "जरासं मांडीवर दे ना माय." मी कूस बदलली. सव्वा महिना तिला पोरीला हात लावू दिला नाही. भिंतीआड ती रडायची, मला ऐकू यायचं.

लोक विचारतात, वाईट नाही वाटलं? नाही वाटलं. शिरा दारातच राहिला, त्याला मुंग्या लागल्या.