पहिला पेला

तिसगावच्या याकोब साळव्यानं तीस वर्षं बोअर मारले, पण पहिला पेला स्वतः प्यायल्याशिवाय एकाही मालकाच्या तोंडाला पाणी लागू दिलं नाही. भरवसा म्हणून कशावर नाहीच! आणि नेमक्या याच माणसाला एका कंपनीनं विदर्भात बोलावलं. तिथं कोळसा खणून न काढता जमिनीखालीच पेटवायचा आणि त्याचा गॅस तेवढा वर ओढायचा, असा प्रयोग चालला होता. आसपासच्या पाण्यावर नजर ठेवायला बोअर हवे होते.

"खालची आग पाण्याला शिवतसुद्धा नाही," इंजिनियर म्हणाला.

याकोब फस्सकन हसला. "आमच्याकडं गहिनीनाथाच्या रानात बोअर मारला, तर शेजारच्या चांगुणाबाईची विहीर गढुळली. जमिनीखाली कुनाचा बांध आसतो व्हय?"

वर्षभरात गॅस परवडेना, म्हणून कंपनीनं गाशा गुंडाळला. जाताना पाण्याचे शेवटचे नमुने काढायला याकोबला पुन्हा बोलावलं. सवयीनं त्यानं पेला भरला, तोंडाशी नेला आणि थांबला. डांबराचा वास येत होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं पहिला पेला ओतून दिला.

"सायेब, खालची आग इझली का?"

"सगळे व्हॉल्व्ह बंद केलेत ना आम्ही!"

"व्हॉल्व्हचं न्हाई इचारलं म्या. आग इझली का?"

इंजिनियर गाडीत बसला आणि त्यानं काच वर केली.